मरेपर्यंत आत

वडगाव रासाई, ता. शिरूर
९ नोव्हेंबर २००८

गिते,

तुझं पत्र पोचलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. आधी वाटलं सोसायटीची नोटीस आली, म्हणून पोस्टमनसमोरच फोडलं. बरं झालं, अनसा तेव्हा शेळ्या घेऊन नदीकडे गेली होती.

खुशाली कळव म्हणतेस. काय कळवू? माझी एकुलती एक पूनम आणि तिचा चार वर्षांचा रुद्र, दोघांना तुझ्या ज्ञानूने रांजणगावच्या भाड्याच्या खोलीत मारलं. नुसत्या संशयावरून. आणि मारून झाल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसून कामाला गेला. सेशन कोर्टाने गेल्या महिन्यात त्याला फाशी सांगितली. तू त्या बाकड्यावर होतीस, मी या बाकड्यावर. जज्जसाहेब बोलले तेव्हा तू पदर तोंडात धरलास, ते मी बघितलं. मी घरी येऊन तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. तुला लागावं म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहितो.

पुण्याच्या वकीलबाई येतील, त्यांना दारातून परत लावू नको, असं तू लिहिलंस. त्या कशाला येणार ते मला कळतं. मी चौथी पास असलो तरी एवढं कळतं. हायकोर्टात फाशीची जन्मठेप करायची, हेच ना? जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. त्यातही कुणाचं लग्न, कुणाचं मयत म्हणून पॅरोलवर घरी सोडतात. मग एक दिवस तो न्हावऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरेल, टपरीवर चहा घेईल, आणि मी काठी टेकत बाजारला निघालेला असेन तर मला म्हणेल, 'मामा, बरं हाय का?' डोळा लागला की मला हेच दिसतं. उठून बसतो. अनसा विचारते काय झालं, मी म्हणतो उसात बिबट्या ओरडला.

पूनम जन्मली तेव्हा तू पाळण्याला हात लावून म्हणालीस, 'दादा, ही माझी सून. भावाच्या पोरीवर बहिणीचा हक्क असतो.' मी हो म्हणालो. सगळेच म्हणतात. परक्यात दिली असती तर निदान तुला तरी शिव्या द्याव्या लागल्या नसत्या.

मेंढरामागे हिंडत होतो तेव्हा मेंढरू फाडलेला कुत्रा आपण मेंढरांच्या वाड्यावर ठेवत नव्हतो. एवढंच माझं उत्तर.

परत लिहू नकोस. लिहिलंसच तर घरी नको, सोपानरावाच्या पिठाच्या गिरणीवर लिही. फोन तर करूच नकोस, फोन अनसा उचलते. गुडघ्याला तेल लावतेस का?

मल्हारी


केडगाव, ता. दौंड
२० नोव्हेंबर २००८

दादाला गिताचा नमस्कार.

तू पत्र नीट वाचलं न्हाईस. फाशी वाचव असं मी कुठं लिवलं? वकीलबाई येतील, भेट, एवढंच लिवलं व्हतं. मिशनच्या सैपाकघरात भाजी निवडता निवडता तिथल्या बायांनी मला म्हातारपणी अक्षर शिकवलं. पन मी लिवलेलं तू कवा धड वाचत न्हाईस, तुझ्या मनातलंच वाचतोस.

आता वाच. मी दर महिन्याला येरवड्याला जाते. केडगावातनं गाडीनं पुणं, तिथनं पुढं बस. मागल्या खेपेला ज्ञानू जाळीपल्याड बसून मला म्हनला, 'आये, वकिलाला नको म्हन. अपील नको. मला एकदाचं लटकवू दे, सुटंल मी.'

दादा, माझ्या अंगाची आग झाली. ह्यो सुटनार? पूनम माझी बी व्हती. रुद्र माझ्या कुशीत झोपायचा, झोपंत माझ्या कानाची पाळी धरायचा. त्यांना मारून ह्यो एका सकाळी सुटून जानार, आन् मागं आपन म्हाताऱ्यांनी झिजत बसायचं? मला न्हाई पटत. त्याला जगू दे. रोज उठू दे, रोज त्याला ती दोघं आठवू देत.

वकीलबाई म्हनत्यात आता कोर्ट एक नवी शिक्षा देतं. मरेपर्यंत आत. चौदा वर्षं न्हाईत, सूट न्हाई, काय न्हाई. जिता असंपर्यंत भिंतीच्या आत, आन् मेला की मगच बाहेर. ज्याची पोर गेली त्या बापानं तसं लिवून दिलं तर कोर्टात त्याचं वजन पडतं म्हनत्यात.

कुत्र्याचं लिवलंस. आपल्या आबांनी त्या काळ्याला मारला कुठं? बांधून घातला व्हता. तूच इसरलास.

गिता


वडगाव रासाई
२ डिसेंबर २००८

गिते,

तुझं पत्र गिरणीत उभ्याने वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर बसलो. सोपानराव म्हणाला, 'म्हातारपणी कुणाचं पत्र येतंय रं मल्हारी? तोंड पांढरं पडलंय.' मी म्हणालो, पीठ उडालंय, आणि पत्र बँकेचं आहे. तर म्हणतो, 'बँक एवढं लांबलचक लिवती व्हय?' आता तो गावभर करणार.

तो मरण मागतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तो जगायला धडपडत असेल, आणि फाशीच्या भीतीने त्याची झोप उडाली असेल. त्या विचारावर मी आजवर तग धरला. आता तू म्हणतेस त्याला ते हवंच आहे. मग मी कशावर तग धरू?

काळ्याचं तुझं खरं आहे, पण अर्धं. तू तेव्हा नांदायला गेली होतीस. त्याने दोन कोकरं फाडली. चुलते म्हणाले, धोंडा घाला. आबांना हात उचलवेना. त्यांनी त्याला बाभळीला साखळीने बांधला. वाड्याबरोबर न्यायचा नाही, मेंढरू दिसेल तिथे न्यायचा नाही. त्याला भाकरी टाकायचं काम माझ्याकडे होतं. पहिलं वर्ष तो भुंकायचा. कळप नदीला चालला की साखळी ताणून गळा सोलून घ्यायचा. मग भुंकायचा थांबला. नुसता गोल फिरायचा. बाभळीभोवती जमिनीत चाकोरी पडली होती. पुढे आबांना कीव आली, त्यांनी साखळी काढली. तर तो चाकोरीच्या बाहेर गेला नाही. तिथेच फिरत राहिला, तिथेच मेला. आबा पुढे कधी काळ्याचं नाव काढायचे नाहीत. मला विचारलंस तर धोंड्यापेक्षा ते वाईट होतं.

म्हणून मला तुझं पटतंय. ज्ञानूला तेच होऊ दे.

पण सरकारवर माझा भरवसा नाही. आज आत म्हणतील, उद्या कुणाच्या तरी जयंतीला सोडतील. म्हणून माझी एक अट आहे. पॅरोल नाही. कशालाच नाही. तुझं काही बरंवाईट झालं तरी नाही. तुझ्या चितेला अग्नी द्यायलासुद्धा तो बाहेर येता कामा नये. मला मुलगा नाही, मलाही अग्नी द्यायला कुणी नाही. नातू होता. तुला हे चालत असेल तर वकीलबाईंना पाठव. नसेल तर त्याला लटकू दे.

 थंडी आहे, गुडघ्याला जप.

मल्हारी


केडगाव
१५ डिसेंबर २००८

दादा,

चालंल.

वकीलबाई फेब्रुवारीत येतील. त्यांना चहा दे, साखर कमी घाल.

गिता


वडगाव रासाई
१९ फेब्रुवारी २००९

गिते,

वकील साधनाबाई येऊन गेल्या. मला वाटलं काळ्या कोटातली जाडजूड बाई मोटारीतून येईल. आली ती पूनमच्या वयाची पोरगी. फाट्यावर उतरून उसातल्या वाटेने एकटी चालत आली. मी म्हणालो, 'बाई, या उसात बिबट्या आहे.' चहात साखर कमी घालायचं तू कळवलंस, हेही सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली. म्हणाली, 'मामा, हे तुमच्या बहिणीनं नाही सांगितलं. साखर किती घालायची ते मात्र तुम्हाला कळवलं.' अनसा चुलीपाशी होती. तिच्या तोंडावरची रेघही हलली नाही.

मी त्यांना खोदून खोदून विचारलं. सरकार बदललं तर? पंधरा ऑगस्टला कैदी सोडतात तेव्हा? तुरुंग भरला तर? त्या सगळ्याला शांतपणे उत्तर देत होत्या. म्हणाल्या, कोर्टाला तुमचं ऐकायलाच हवं असं नाही, पण खुन्याच्या घरचं माणूस बोलतं ते वेगळं आणि ज्याची मुलगी गेली तो बोलतो ते वेगळं.

मग मी माझी अट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

'मामा, हे नका लिहायला लावू. सूट नको म्हणा, सुटका नको म्हणा. पण आई आजारी पडली, गेली, तर तासा-दोन तासांसाठी पोलिसांच्या पहाऱ्यात आणायची एक वाट असते. ती उघडी राहू द्या.'

मी म्हणालो, 'लिहा.'

'त्यांना विचारलंय?'

'ती हो म्हणालीय.'

त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली. माझी सही जमत नाही नीट, 'मल्हारी'तला र दर वेळी वेगळा येतो. त्या म्हणाल्या चालतं. पण नंतर मला काळजी लागली की हायकोर्ट म्हणेल ही सही या माणसाची नाही. तू त्यांना विचारून कळव.

अनसाला म्हणालो, तूही अंगठा दे. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, 'तुमची बहीण, तुमचा भाचा. माझी निसती पोरगी व्हती. बसा तुम्ही तिकडं.' तेव्हापासून मला ताट वाढून देते आणि उठून बाहेर जाते. मी जेवतो आणि ती अंगणात उभी राहते. मी तिला समजावलं, अगं फाशीपेक्षा हे कठीण आहे. ती म्हणाली, 'कुणाला?'

 उत्तर तुला सुचलं तर लिही.

मल्हारी


केडगाव
११ डिसेंबर २००९

दादाला नमस्कार.

हायकोर्टाचा निकाल लागला. फाशी काढली. मरेपर्यंत आत. सूट न्हाई, पॅरोल न्हाई, फर्लोची सुट्टी बी न्हाई. वकीलबाईंनी मला वाचून दावलं. तुझं नाव बी हाय त्यात, मुलीच्या वडलांनी असं असं म्हनलंय म्हनून. सहीचं कुनी काय बोललं न्हाई, तू उगा वरीसभर जिवाला घोर लावून घेतलास.

ज्ञानूला कळालं तवा त्यो खाली बसला आन् लई रडला. म्हनला, 'आता रोज मरायचं.'

तुझं मन निवलं का, दादा? वैनीला माझा नमस्कार सांग म्हनले असते, पन सांगू नको.

गिता


वडगाव रासाई
२० जानेवारी २०१०

गिते,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. काय लिहावं कळत नव्हतं.

मन निवलं नाही. सुरुवातीला आठ-पंधरा दिवस बरं वाटलं. मग पहाटे जाग आली की मनात यायला लागलं, आता तोही उठला असेल. मी दात घासतो तेव्हा तोही घासत असेल. मला ताप आला तर वाटतं, मी त्याच्याआधी गेलो तर? मग तो आत आहे की नाही हे कोण बघणार? मला अडुसष्ट झाली, तो छत्तीस वर्षांचा. हिशोब माझ्या बाजूने नाही. फाशी झाली असती तर एका दिवशी पेपरात आलं असतं आणि मी पेपर घडी घालून ठेवला असता. आता रोज सकाळी मीच त्याला आत कोंडतो आहे असं झालं आहे.

म्हणून मला कळव. त्याला झोप लागते का? ओरडत उठतो का? जेवण जातं का? रुद्रचं नाव काढतो का? तू फार त्रोटक लिहितेस. 'रडला' एवढ्यावर माझं भागत नाही. कसा रडला?

तुझी तब्येत कशी आहे ते तू दोन पत्रांत लिहिलं नाहीस.

मल्हारी


केडगाव
२२ जून २०१०

दादा,

हे नकुशीच्या हातनं लिवून घेते. शेजारची सून हाय, अक्षर चांगलं हाय तिचं. माझ्या पोटात पानी होतं, लिव्हर गेलं म्हनत्यात. दौंडच्या दवाखान्यात दोनदा काढलं, परत होतं. डागदर आता गुळमुळीत बोलतो. भिऊ नको, मी बी भीत न्हाई.

एक काम सांगते. मार्चपासनं मला येरवड्याला जाता आलं न्हाई. ज्ञानूला बघायला दुसरं कुनी न्हाई. त्याचे चुलते त्याचं नाव घेत न्हाईत. तू एकदा जा. त्याला माफ कर असं मी म्हनत न्हाई, कवा म्हननार बी न्हाई. नुसतं बघून ये. तूच लिवलं व्हतंस ना, त्यो आत हाय का न्हाई हे कोन बघनार? मंग जा आन् बघ.

माझा आजार त्याला सांगू नको.

गिता


वडगाव रासाई
१४ जुलै २०१०

गिते,

जाऊन आलो.

अनसाला सांगितलं, पुण्याला डोळे तपासायला चाललो. मतदान कार्ड घेतलं. खिडकीवरच्या शिपायाने विचारलं, कैद्याशी नातं काय? मागे रांग होती, लोक ढकलत होते. मी म्हणालो, मामा. त्याने लिहून घेतलं. दुसरं सांगायला लागलो असतो तर रांग थांबली असती.

जाळीच्या पलीकडे तो येऊन बसला. मला बघून उभा राहिला, परत बसला.

'मामा.'

मी म्हणालो, 'मामा म्हणू नकोस.'

'मग काय म्हनू?'

 बाजूच्या जाळीवर एक बाई नवऱ्याला हिंदीत मोठमोठ्याने गॅसच्या टाकीचं सांगत होती, त्यामुळे काही ऐकू येत नव्हतं. मी वाकून विचारलं, 'फाशी मागत होतास ना रे? आता रोज मरायला कसं वाटतं?'

त्याने मान वर केली. म्हणाला, 'कुनी मागितली?'

'तू. आईला म्हणालास, अपील नको, लटकवू दे, सुटेन मी.'

'म्या?' त्याने जाळीला बोटं लावली. 'मामा, तसं मी कवाच बोललो न्हाई. मी तिला म्हनत व्हतो, आये मला वाचव. मला मरायचं न्हाई. काय बी कर, कुनाचे बी पाय धर, पन मला वाचव. दर खेपेला हेच. निकाल यायच्या आदी मी आतल्या आत खंडोबाला नवस बोललो व्हतो.'

आणि मग तू मला काय लिहिलं होतंस ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने जाळीवरची बोटं काढून घेतली.  ती बाई टाकीचं सांगत होती.

गिते, तू मला फसवलंस. मी त्याला सजा म्हणून जे दिलं, ते त्याने देवापाशी मागून घेतलेलं निघालं. मी सही केली तेव्हा मला वाटलं, मी पूनमच्या बाजूने उभा आहे. अनसा मला सांगत होती, तुम्ही तिकडे बसा. ती बरोबर होती. मी तिकडेच बसलो होतो आणि मला माहीत नव्हतं. दीड वर्ष ती माझ्यासमोर जेवली नाही, ती कशासाठी? तुझ्या पोरासाठी. पोर तुझं वाचलं आणि घर माझं गेलं, दुसऱ्यांदा.

त्या बायांनी तुला लिहायला शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

मल्हारी


केडगाव
२६ जुलै २०१०

दादा,

व्हय. खोटं लिवलं.

त्यो रडत व्हता, वाचव म्हनत व्हता. तुझ्याकडं दया मागितली असती तर तू दिली नसतीस. मी तुझ्या जागी असते तर मी बी दिली नसती. म्हनून शिक्षा मागितली. ती तू लगेच दिलीस.

पर त्याला रोज ती दोघं आठवू देत असं लिवलं व्हतं, ते खोटं नव्हतं. ते माझ्या मनातलं व्हतं. त्यो जगावा हे बी मनातलं व्हतं. दोन्ही एका मनात कशी ऱ्हातात ते मला इचारू नको.

तुझी अट मी कबूल केली तवा रातभर बसून व्हते. तू काय मागितलंस ते तुला कळलं नव्हतं, मला कळलं व्हतं. तरी हो म्हनले. आता तुला वकीलबाईंना सांगून सही मागं घ्यायची असंल तर घे. मी आड येनार न्हाई, येनार बी कशी.

पन एवढं मोठं पत्र धाडलंस आन् त्यो दिसतो कसा ते एका अक्षरानं लिवलं न्हाईस. वाळलाय का? खोकला व्हता, ग्येला का? तेवढं कळव. नकुशी वाचून दावंल.

गिता


वडगाव रासाई
३ ऑगस्ट २०१०

गिते,

राग गेलेला नाही. पण विचारलंस म्हणून लिहितो. नकुशीबाई, सावकाश वाचा.

वाळलेला नाही. गाल भरलेत. अंगावर पांढरे कपडे होते, स्वच्छ होते. कानाशी केस पिकलेत, दाजींचे पिकले होते तसेच, आधी डाव्या बाजूला. खोकला मी ऐकला नाही. बोटांना घट्टे पडलेत, आत सतरंज्या विणायचं काम दिलंय म्हणाला.  बोलताना खाली बघतो. पुढचा एक दात पडलाय, कसा ते मी विचारलं नाही. भेटीची वेळ संपून उठला तेव्हा एक पाय दुमडून दुसऱ्या पायावर उभा राहिला, आपले आबा काठीवर रेलून मेंढरं राखायला उभे राहायचे तसा. त्याने आबांना पाहिलेलंही नाही. मला ते आवडलं नाही, पण तसा उभा होता हे खरं आहे.

रुद्रचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. पण बाजूच्या बाईच्या कडेवर पोर होतं, ते जाळीतून हात घालायला लागलं तर हा मागे सरकला, भिंतीपर्यंत. ते पोर जाईपर्यंत पुढे आला नाही.

जाताना म्हणाला, 'आयेचा गुडघा कसा हाय?' मी म्हणालो, बरा आहे, आधी उन्हामुळे आणि आता पावसामुळे आली नाही. म्हणजे मीही खोटं बोललो.

साधनाबाईंना गिरणीवरून फोन केला. सही मागे घ्यायला नाही. तुला बघायला त्याला एक दिवस, दोन तास, बेड्या घालून का होईना, आणता येईल का हे विचारायला.  त्या म्हणाल्या, 'मामा, पॅरोल नाही ही ओळ निकालात आलीय.' मी म्हणालो, ती माझी ओळ आहे, मी खोडतो. त्या म्हणाल्या, आता ती तुमची राहिली नाही, कोर्टाची झाली. तरी अर्ज टाकते म्हणाल्या.

वाट बघू नकोस असं लिहिणार होतो. पण बघ.

मल्हारी


वडगाव रासाई
१९ सप्टेंबर २०१०

ज्ञानू,

मी तुझा मामा लिहितो आहे. हे पत्र तुला देण्याआधी तिथले लोक उघडून वाचतील असं साधनाबाई म्हणाल्या. वाचू देत.

तुझी आई गेली. बारा दिवस झाले. पोटाचा आजार होता, मार्चपासून. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. मी तिचं ऐकलं. तुला आणण्यासाठी अर्ज केला होता, तो निकालातल्या अटीवर बोट ठेवून परत आला. ती अट मी घालायला लावली होती. तुझ्या आईला ती माहीत होती आणि तुझा जीव वाचावा म्हणून तिने ती मान्य केली होती. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

शेवटच्या आठवड्यात मी केडगावला तिच्याजवळ होतो. तिने माझं एक पत्र नकुशीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तू कसा दिसतोस ते त्यात लिहिलं होतं. मी समोर बसलेलो असताना मला तोंडाने विचारायची नाही, पत्र वाचायला लावायची.

बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालावं लागतं. मी वडगावला निरोप धाडला आणि आशा सोडून बसलो होतो. तुझी मामी अनसाबाई स्वतः घेऊन आली. कुणाशी बोलली नाही. लुगडं अंगावर घातलं, पदर सारखा केला आणि मिळेल त्या गाडीने परत गेली.

तुझे चुलते मागे सरकले. मडकं मी खांद्यावर घेतलं आणि अग्नी मी दिला. तिथे एक जण म्हणालाच, 'मल्हारी, ज्यानं तुझी पोर मारली त्याच्या आयेला तू अग्नी देतोस?' मी म्हणालो, ती माझी बहीण आहे. 

मी तुला माफ केलेलं नाही. करणार नाही. तुला फाशी झाली असती तर बरं झालं असतं का, हे मला आता सांगता येत नाही. कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही, एकाच दिवसात दोन्ही वाटतं. तू मरेपर्यंत आत राहायचंस, हे ठरलेलं आहे. पण तू आत आहेस हे जाणणारं बाहेर कुणीतरी लागतं. आजवर तुझी आई होती. आता मी सोडून कुणी नाही.

म्हणून मी दर महिन्याला येईन, पाय चालतात तोवर. तुला काही आणणार नाही. खुशाली विचारणार नाही. तूही काही सांगू नकोस, माफी तर मागूच नकोस. जाळीच्या पलीकडे येऊन बसायचं, मान वर ठेवायची, आणि मी उठेपर्यंत उठायचं नाही.

मल्हारी